प्रकल्प नोंदी: नावाडी, पूल आणि तीस शब्द

5 नोव्हेंबर 2024, वडसा

पटकथा लिहून झाली, 104 पानं. मुंबईच्या एका पटकथा-शिबिराला पाठवायची आहे. अर्जाच्या पहिल्याच रकान्यात लॉगलाइन मागितली आहे: सगळी गोष्ट सांगणारं एकच वाक्य, जास्तीत जास्त तीस शब्द. मुदत 15 डिसेंबर.

मागच्या वर्षी असाच अर्ज दुसऱ्या एका ठिकाणी केला होता. पटकथेला दीड वर्ष दिलं आणि ती एक ओळ शेवटच्या रात्री, लाईन जायच्या धाकात, अर्ध्या तासात खरडली. नंतर कळलं की पहिल्या चाळणीत फक्त तेवढी ओळच वाचतात. माझी ती पटकथा कुणी उघडलीच नव्हती. म्हणून यंदा त्या एका ओळीला चाळीस दिवस द्यायचे, आणि रोज काय सुचलं, काय फसलं, ते इथे लिहून ठेवायचं.

माझं काम टायपिंगचं. झाडीपट्टीच्या, म्हणजे इकडच्या पूर्व विदर्भाच्या, नाटकांच्या संहिता टाईप करून देते. दिवाळीनंतर मंडया, म्हणजे गावोगावच्या जत्रा, सुरू झाल्या की वडशात नाटक कंपन्यांची बुकिंगची दुकानं गजबजतात आणि होळीपर्यंत मला मान वर करायला फुरसत नसते. त्यामुळे हे काम रात्रीचंच.

कथा साहसाची आहे. 2020 च्या ऑगस्टअखेरीस वैनगंगेला जो पूर आला, तो मी माहेरच्या गावातून पाहिला. पाणी धानाच्या बांधीत शिरलं, मग गोठ्यात, मग पायरीवर. त्या रात्रीतून ही गोष्ट आली. आज लिहिलेली पहिली ओळ जशी आहे तशी उतरवते:

"वैनगंगेच्या काठावरील एका छोट्याशा गावात राहणाऱ्या, पूल झाल्यामुळे नाव चालवण्याचा पिढीजात व्यवसाय गमावून बसलेल्या आणि आयुष्याकडे निराशेने पाहणाऱ्या वृद्ध नावाड्याच्या आयुष्यात एक अशी रात्र येते, जी त्याला माणुसकी, क्षमा आणि धैर्याचा खरा अर्थ शिकवते, महापुराच्या थैमानात आपल्या लाडक्या नातीला वाचवण्यासाठी तो बर्फाच्या पेटीतलं सापावरचं औषध आणायला निघतो, पण तो वेळेत पोहोचू शकेल का?"

त्रेपन्न शब्द.

7 नोव्हेंबर

दोन दिवस ती ओळ भिंतीला चिकटवून ठेवली होती. आज पेन्सिल घेऊन बसले.

नावाडी येतो विसाव्या शब्दाला. त्याच्या आधी काठ, गाव, पूल, व्यवसाय, निराशा. इंग्रजीत "एक माणूस, जो अमुक आहे, जो तमुक आहे" असं माणसाला पुढे उभं करून मागे त्याचं वर्णन लावता येतं. मराठीत वर्णन आधी येतं आणि माणूस शेवटी. राहणाऱ्या, बसलेल्या, पाहणाऱ्या असे तीन डबे जोडून झाल्यावर कुठे इंजिन दिसतं. तोवर वाचणाऱ्याच्या हातात काहीच नसतं. म्हणून मराठी लॉगलाइनमध्ये नायकाच्या आधी एकच विशेषण-वाक्य चालतं. दुसरं आलं की ओळ आडवी होते.

"माणुसकी, क्षमा आणि धैर्याचा खरा अर्थ" हे कॅमेऱ्याला दिसत नाही. पटकथेत जे दाखवता येत नाही ते लॉगलाइनमध्ये लिहून उपयोग नाही. हा भाग खोडताना मला वाईट वाटलं, कारण गोष्ट लिहायला घेतली ती त्याच्याचसाठी. पण तो अर्थ माझ्याजवळ राहू दे. ओळीत नावाडी काय करतो तेच यावं.

"शकेल का?" हेही गेलं. साहसपट म्हटला की तो प्रश्न वाचणाऱ्याच्या मनात असतोच. आपण छापला की त्यातली हवा जाते.

नावाड्याचं नाव काय ते पटकथेत आहे, लॉगलाइनमध्ये नाही, आणि हे बरोबरच आहे. नावावरून त्याच्याबद्दल काहीच कळत नाही. "पुलामुळे बेकार झालेला नावाडी" म्हटलं की धंदा, जखम आणि वय तिन्ही कळतात.

उरलं ते हे: "पुलामुळे बेकार झालेला म्हातारा नावाडी, साप चावलेल्या नातीसाठी, बर्फ वितळण्याच्या आत, पुरातून औषध आणायला निघतो."

पंधरा शब्द. कोण, काय घडलं, काय हवंय, आडवं कोण, घड्याळ कुठलं, सगळं आहे. आज झोप चांगली लागेल.

10 नोव्हेंबर

माहेरच्या गावची मंडई. वड्यांच्या दुकानाजवळ, पाळण्याखाली, ओळखीच्या सात जणांना ओळ सांगून पाहिली. कागद दाखवला नाही, तोंडानेच सांगितली. सातपैकी पाच जणांनी पहिला शब्द उच्चारला तो "म्हंजे?"

चुलतभाऊ म्हणाला, "पुलामुळं बेकार झाला ना तो? मंग पुलावरूनच जा म्हना ना. नाव कायले पाह्यजे?"

मी तिथेच उभी राहिले. 104 पानांत पूल पाण्याखाली गेल्याचं सविस्तर आहे. ओळीत नाही. माझ्या डोक्यात तो बुडालेलाच होता, म्हणून मला कधी खटकलं नाही.

साहसाच्या गोष्टीत मुलूख हाच मोठा विरोधक असतो. कौटुंबिक नाटकाच्या लॉगलाइनमध्ये जागा नाही सांगितली तरी चालतं. साहसपटात मात्र नायक ज्या वाटेने जातो तीच वाट का, बाकीच्या कशा बंद झाल्या, हे ओळीतच कळायला पाहिजे. नाहीतर ऐकणारा नायकाला सोपा रस्ता सुचवत बसतो, आणि एकदा सुचवायला लागला की त्याला भीती वाटत नाही.

दुसरी गोष्ट आजच कळली. "मंग?" आणि "म्हंजे?" यातला फरक. ओळ ऐकून माणूस "मंग?" म्हणाला तर त्याला पुढचं हवंय. "म्हंजे?" म्हणाला तर तो मागे अडकलाय. वहीत दोन रकाने आखले आहेत. आजचा हिशोब: म्हंजे पाच, मंग एक, आणि एका काकूंनी विचारलं, "तुझ्या पोरीची तब्येत बरी हाये ना?"

12 नोव्हेंबर

टायपिंगला दोन नाटकं आली. झाडीपट्टीत पत्रकावर नावाखाली "अर्थात" लिहून दुसरं नाव देण्याची रीत आहे. पहिलं नाव घराण्याचं किंवा नात्याचं, दुसरं अंगावर येणारं. ते दुसरं नाव म्हणजे टॅगलाइन. माझ्या पटकथेला मीही एक करून ठेवलं होतं, "पाणी चढतंय". पोस्टरवर ते शोभेल, पण त्यातून कोण, कशासाठी, कुठे, काहीच कळत नाही. टॅगलाइन तिकीट घेणाऱ्यासाठी असते. लॉगलाइन त्याच्या कितीतरी आधी, ही गोष्ट उभी करायची की नाही हे ठरवणाऱ्यासाठी असते. शब्दही तिथूनच आला असं सांगतात: हॉलिवूडच्या स्टुडिओत आलेल्या पटकथांची नोंदवही असायची, त्या वहीत प्रत्येकीपुढे एक ओळ.

19 नोव्हेंबर

भोंग्याच्या गाडीवरून जाहिरात करणारे, अनाउन्सिंगवाले भाऊ काल संध्याकाळी मोकळे झाले. विधानसभेचा प्रचार 18 ला थांबला, तोवर त्यांची गाडी एका उमेदवाराकडे होती. उद्या मतदान. परवापासून परत नाटकांचे भोंगे.

मी त्यांच्याकडे गेले कारण मला माहीत असलेला हा एकच माणूस, जो आयुष्यभर एका वाक्यात गोष्ट विकत आला आहे. छोटा हत्ती गाडी, वर दोन भोंगे, आत अॅम्प्लिफायर आणि बॅटरी. बावीस वर्षं हेच करतात.

त्यांनी मला समजावलं ते असं. गाडी थांबत नाही. बाई दारात भांडी घासत असते. गाडी तिच्या दारासमोरून जाईपर्यंत तिला एकच वाक्य मिळतं, आणि त्यातलंही अर्धं नळाच्या आवाजात जातं. "ताई, सुरवातीचं तिले आयकूच येत नाही. कोनाची गाडी हाये तेच पाहत रायते. शेवटचा शब्द तेवढा तिच्या घरात शिरते. म्हून आपला नेम शेवटच्या शब्दावर."

हे मला कुठल्याच पुस्तकात मिळालं नव्हतं, कारण तिकडची भाषा वेगळी. आपलं क्रियापद शेवटी येतं. मराठी वाक्याचं सगळं वजन आपोआप शेवटी पडतं, आणि मी तिथे काय ठेवलं होतं? "निघतो." निघणं चांगलं आहे, त्यात नायकाची मर्जी आहे. "अडकतो", "सापडतो" यापेक्षा शंभर पटीने बरं, कारण साहसपटातला माणूस स्वतःच्या पायाने जातो. पण निघण्याने दाराशी बसलेल्या बाईच्या घरात काही शिरत नाही.

मग त्यांनी माझ्या ओळीच्या वर्मावरच बोट ठेवलं. "आपल्या नातीसाठी तं कोनीबी जाईल जी. त्यात का मोठं? ज्याचं तोंड पाहाले नको, त्याच्या पोरीसाठी जाते का, ते सांगा."

घरी येऊन रात्रभर विचार केला. आपल्या नातीसाठी निघालेल्या आजोबापुढे पर्यायच नसतो, म्हणून त्याच्या जाण्यात धाडस कमी आणि नाइलाज जास्त. "हा कदाचित जाणार नाही" असं क्षणभर तरी वाटलं पाहिजे. नात गेली. आता पोर कुणाची?

22 नोव्हेंबर

आरोग्य उपकेंद्रातल्या सिस्टरना बर्फाबद्दल विचारायला गेले होते. पेटीत बर्फ किती तास टिकतो, एवढंच हवं होतं.

"बर्फ कशाला?" त्यांनी विचारलं. आपल्याकडे सापाचं इंजेक्शन येतं ते बहुतेक पावडरचं. ऐनवेळी पाण्यात विरघळवून द्यायचं. दोन ते आठ अंशांत ठेवावं लागतं ते पातळ स्वरूपातलं. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर एकच औषध चालतं.

म्हणजे माझं घड्याळच खोटं. संपूर्ण पटकथेत बर्फ वितळतोय, सोळा प्रसंगांत पेटी दिसते.

सिस्टरना माझा चेहरा दिसला असावा. त्यांनी बसवून घेतलं आणि मण्यारीबद्दल सांगितलं. ती रात्री येते, जमिनीवर झोपलेल्याला चावते. दंश इतका बारीक की पुष्कळदा कळतच नाही, आग नाही, सूज नाही. मग पापण्या जड होतात, उघडत नाहीत. बोलणं जड होतं, गिळवत नाही. शेवटी छातीचे स्नायू थकतात आणि श्वास थांबायला लागतो. तेव्हा औषधाइतकंच महत्त्वाचं असतं ते बाहेरून श्वास देणं. त्यांनी कपाटातून अंबू बॅग काढून दाखवली. रबराचा फुगा, पुढे तोंडावर बसणारा मास्क. एका हाताने मास्क चेहऱ्यावर घट्ट धरायचा, दुसऱ्याने फुगा दाबायचा. मोठ्या माणसाला पाच-सहा सेकंदांनी एकदा, दवाखान्यात मशीन मिळेपर्यंत.

"आणि थांबलं तर?"

"थांबायचं नाही."

औषध आणायला जाण्यात अर्थच उरला नाही. पेशंटलाच न्यायला हवं. जाऊन-येऊनची वाट एकेरी झाली, आणि नावेत एकट्या नावाड्याच्या जागी तिघं आले.

23 नोव्हेंबर

आज निकाल. बाहेर गुलाल आणि फटाके, म्हणून दुकान लवकर बंद केलं. सामानात एका जुन्या ऑटोचा रबरी भोंगा सापडला, हाताने दाबायचा. घड्याळ समोर ठेवून पाच सेकंदांनी एकदा दाबत बसले. मिनिटाला बारा, तासाचे सातशेवीस.

पहिली दहा मिनिटं काहीच नाही. पंधराव्या मिनिटाला अंगठ्याच्या मुळाशी कळ आली. विसाव्याला मी मोजणं विसरले, म्हणजे त्या पाच सेकंदांत कुणाचा तरी श्वास चुकला. हात बदलावासा वाटला, पण दुसऱ्या हाताने मास्क धरलेला असणार, हे आठवून बदलला नाही. चौतिसाव्या मिनिटाला बोटं मिटलेलीच राहिली, उघडेनात. डाव्या हाताने एकेक बोट सोडवावं लागलं.

हेच घड्याळ. बर्फापेक्षा किती तरी जवळचं, कारण ते माणसाच्या हातात आहे आणि तो माणूस थकतो.

30 नोव्हेंबर

घाटावरच्या बाबांकडे. आता ऐंशीच्या घरात आहेत, कडुनिंबाखाली त्यांचा डोंगा (लहान नाव) दोन दगडांवर पालथा घातलेला आहे. एकाच खोडातून कोरलेला, बुडाला हातभर लांब चीर, त्यात डांबर भरलेलं. मी हात लावला तर डांबर उन्हाने मऊ होऊन बोटाला लागलं.

पुरात पार कसं जायचं, हे त्यांनी काडीने मातीत काढून दाखवलं. सरळ पार जायचं नाहीच. आधी आपल्याच काठाने, जिथे पाण्याचा जोर कमी तिथून, वरच्या अंगाला चढायचं. खूप वर. मग धार तिरपी कापायची. धार खाली ओढत नेते, म्हणून आपण बरोबर समोरच्या घाटाला लागतो. जे घाईत सरळ जातात ते खाली वाहून जातात. "रातचं पानी दिसत नाही, बाई. आयकाव लागते. झाड वाहत आलं का पान्याचा आवाज फुटते."

पटकथेत माझा नावाडी सरळ गेला आहे. त्याला आधी उलट दिशेने, दवाखान्यापासून दूर जावं लागणार, आणि नावेतल्या बापाला ते कळणार नाही. केवढा प्रसंग आहे हा! ओळीत त्याला जागा नाही, पण ओळीच्या मागे लागले नसते तर मी घाटावर गेलेच नसते.

3 डिसेंबर

हात मोकळा व्हावा म्हणून दुसऱ्या गोष्टींच्या ओळी लिहून पाहिल्या.

नागपूरचे अप्पासाहेब भोसले. 1817 च्या नोव्हेंबरात सीताबर्डीची लढाई हरले. पुढच्या वर्षी इंग्रजांनी पकडून अलाहाबादेला नेत असताना वाटेत शिपायाच्या वेशात निसटले आणि महादेवाच्या डोंगरात गोंडांच्या आश्रयाला गेले. तिथून असीरगड, मग उत्तरेत भटकंती, 1840 ला जोधपुरात मृत्यू. पहिल्या प्रयत्नात सगळं कोंबलं आणि ओळ बखरीसारखी झाली. बावीस वर्षांची लॉगलाइन होत नाही. एकच टप्पा घेतला: "राज्य गमावलेला राजा, शत्रूच्या छावणीतून त्यांच्याच शिपायाच्या वेशात निसटतो, पहाट होऊन बिछाना रिकामा दिसण्याआधी त्याला डोंगर गाठायचा आहे." बिछान्याचा तपशील मी गोष्टीसाठी घातला. पण ओळ धावायला लागली ती बावीस वर्षांवरून एका रात्रीवर आल्यावर.

मूर्तिजापूर-यवतमाळची शकुंतला. नॅरोगेज, 1994 पर्यंत वाफेच्या इंजिनावर. पाच ओळी लिहिल्या, एकही जमली नाही. आगगाडी सुंदर आहे, पण तिला काय हवंय? ज्याला काही हवं आहे असा माणूस सापडत नाही तोवर ते नुसतं ठिकाण. सोडून दिलं.

7 डिसेंबर

पोर कुणाची, हे ठरलं. ज्याने तो पूल बांधला त्या ठेकेदाराची, एकोणीस वर्षांची. ठेकेदार त्याच गावचा. नावाड्याचा धंदा त्याच्या पुलाने गेला, आणि पूल इतका बुटका की मोठा पूर आला की पाण्याखाली. अंबू बॅग बापाच्या हातात, सिस्टरने पाच मिनिटांत शिकवलेली. सिस्टर येऊ शकत नाही, उपकेंद्रात बाळंतपण चालू आहे. बोलणं सोडलेले दोघं एका डोंग्यात.

भाऊंना हे सांगत होते. तोंडातलं पान एका बाजूला सारून ते सहज म्हणाले, "म्हंजे, पुलानं ज्याचा धंदा बुडवला, तो पूलच बुडाला म्हना की."

मी वही काढली. धंदा बुडतो, पूल बुडतो. रोजच्या बोलण्यातला शब्द, महिनाभर माझ्यासमोर पडलेला, आणि मी "बेकार झालेला" लिहून बसले होते. आता ठेकेदाराबद्दलचा राग आणि पाण्यातला धोका एकाच क्रियापदात बसतात. वाट का बंद आहे हेही वेगळं सांगावं लागत नाही. चुलतभावाचा प्रश्न तीन शब्दांत मिटला: पूल बुडालेल्या रात्री.

रात्री लिहिलेलं: "पुलाने धंदा बुडवलेला नावाडी, पूल बुडालेल्या रात्री, त्याच पुलाच्या ठेकेदाराच्या साप चावलेल्या पोरीला डोंग्यातून पुरापार न्यायला निघतो."

8 डिसेंबर

सकाळी मोठ्याने वाचलं तर "ठेकेदाराच्या साप" असं कानाला लागलं. जणू साप ठेकेदाराचा. पुलाच्या, ठेकेदाराच्या, चावलेल्या: च्या आणि ल्या यांची माळ. डोळ्यांना कळत नाही, कानाला लगेच कळतं. "पोरीला" काढून "पोर" केलं आणि माळ तुटली: "ठेकेदाराची साप चावलेली पोर डोंग्यात घालून पुरात निघतो." "न्यायला निघतो" पेक्षा "घालून निघतो" जास्त धसमुसळं आहे, आणि त्या रात्रीला तेच शोभतं.

"साप" की "मण्यार", यावर अर्धा दिवस गेला. इकडे मण्यार म्हटलं की अंगावर काटा येतो. पण मुंबईच्या वाचणाऱ्याने "मण्यार म्हणजे?" विचारलं तर ओळ तिथेच अडली. साप ठेवला. मण्यार पटकथेत आहेच.

गोसीखुर्दची 33 दारं उघडायची वेळही ओळीत आणून पाहिली. धरणाचं पाणी आणि पोरीचा श्वास, दोन घड्याळं एकमेकांच्या तालात अडखळतात. धरण पटकथेत राहील.

आता शेवट. निघाल्यावर काय? भोंग्याने आखडलेली माझी बोटं आठवली. नावाड्याचे दोन हात वल्ह्यावर. बापाचे दोन, एक मास्कवर, एक फुग्यावर. चार हात, आणि एकही मोकळा नाही. डोंग्यात पाणी भरलं तर उपसणार कोण?

11 डिसेंबर

थंडी चांगलीच पडली आहे. भाऊंच्या अंगणात गाडीची बॅटरी बदलून माईक तपासणं चाललं होतं. त्यांनी माझा कागद घेतला आणि भोंग्यातून वाचला, एकदाच. जिथे श्वास घेतला तिथे मी पेन्सिलीने खूण केली. दोन खुणा. एक "निघतो" नंतर, एक "श्वासावर" नंतर. शब्द मोजण्यापेक्षा हे माप मला जास्त पटलं. आपल्या भाषेत प्रत्यय शब्दाला चिकटतात, "पुरातून" एकाच शब्दात मावतं, त्यामुळे तीस मराठी शब्दांत इंग्रजीपेक्षा जास्त माल कोंबता येतो. कोंबता येतो म्हणून कोंबला, की वाचणाऱ्याचा दम लागतो.

समोरच्या घरातून धान पाखडत बसलेल्या आजी सूप हातात घेऊनच कुंपणाशी आल्या. "कोन्त्या गावाले हाये हे नाटक? आजच्याले हाये का?"

भाऊंनी सांगितलं, नाटक नाही, ताईंचा सिनेमा आहे, अजून व्हायचा आहे. आजी थोडा वेळ उभ्या राहिल्या. "पोर जगते का?" त्यांनी मला विचारलं. मी सांगितलं नाही. त्या रागावूनच आत गेल्या.

14 डिसेंबर

अर्ज पाठवला. ओळ अशी गेली:

"पुलाने धंदा बुडवलेला नावाडी, पूल बुडालेल्या रात्री, त्याच पुलाच्या ठेकेदाराची साप चावलेली पोर डोंग्यात घालून पुरात निघतो, त्याचे हात वल्ह्यावर, बापाचे तिच्या श्वासावर, आणि चारांपैकी एकही हात थांबून चालणार नाही."

तीस शब्द. शेवटचा शब्द "नाही".

पटकथेचं काय, हा प्रश्न होताच. जुनी पटकथा आणि ही ओळ आता एकाच गोष्टीच्या नाहीत. निवड झाली तर शिबिर फेब्रुवारीत, पटकथा तेव्हा द्यायची. अर्जात मी खरं तेच लिहिलं: पुनर्लेखन चालू आहे.

17 डिसेंबर

ओळ भिंतीवर लावली आहे आणि तिच्याकडे बघत प्रसंग तपासते आहे. बर्फाच्या पेटीचे सोळाही प्रसंग गेले. नातीचं लाडाचं गाणं गेलं, ते मला फार आवडायचं. प्रसंग 31 ते 38 नवे लिहायचे: डोंगा काठाने वर चढतोय, बाप ओरडतोय की दवाखाना त्या अंगाला आहे, आणि नावाडी उत्तर देत नाही, कारण तो पाणी ऐकतोय.

प्रसंग 44 मध्ये डांबर सुटतं आणि चिरेतून पाणी येतं. चार हात गुंतलेले आहेत. मी नावाड्याला टाच चिरेवर दाबून धरायला लावली आहे, पण तसं करून वल्हं मारता येतं का, ते कळत नाही. रविवारी घाटावर जाऊन बाबांना विचारायचं आहे. त्यांनी होकार दिला तर डोंगा सुलटा करून, काठाजवळच्या पाण्यात, मी स्वतः टाच लावून बसून बघणार आहे.